कुत्र्याच्या अंगावरच्या आणि घरातल्या पिसवा कशा घालवाव्यात : कोकणातल्या घरांसाठी सविस्तर माहिती

मृगाचा पाऊस एकदा लागला, की कोकणातल्या घरांत कुत्रा अंगणातून उठून पडवीत येतो आणि पडवीतून हळूहळू चुलीच्या उबेपर्यंत पोहोचतो. त्यानंतर तीन-चार आठवड्यांत घरातल्या माणसांच्या घोट्यांवर लाल, खाजणाऱ्या पुळ्या दिसू लागतात आणि कुत्रा रात्ररात्र आपली पाठ चावत बसतो. बहुतेक घरांत मग कुत्र्याला धरून आंघोळ घातली जाते, एखादी पावडर चोळली जाते, दोन दिवस बरे जातात आणि पंधरवड्याच्या आत सारे पूर्ववत होते. औषध कमी पडले म्हणून असे क्वचितच घडते. पिसवांचा खरा साठा कुत्र्याच्या अंगावर नसतो, तो घरात असतो, आणि उपचार मात्र केवळ कुत्र्यावर केला जातो. कुत्रा आणि घर या दोहोंवर एकाच दिवशी काम सुरू केले आणि ते निदान तीन महिने नेटाने चालू ठेवले, तर जुन्या मातीच्या घरातूनही पिसवा जातात. ते काम कोणत्या क्रमाने करावे, हे पुढे सांगितले आहे.

आधी पिसूचा जन्मक्रम समजून घ्यावा

हा भाग गाळून थेट औषधाकडे वळण्याचा मोह होतो, परंतु पुढची प्रत्येक कृती याच माहितीवर उभी आहे.

कुत्र्यांच्या अंगावर जगभर सर्वाधिक आढळणारी पिसू ही ‘टेनोसेफॅलिडिस फेलिस’ या जातीची असते आणि ती मांजरावरही तितक्याच सुखाने राहते. पूर्ण वाढलेली पिसू दोन-तीन मिलिमीटर लांब, गडद तपकिरी, दोन्ही बाजूंनी चपटी आणि बिनपंखांची असते. एकदा जनावर मिळाले की ती सहसा त्याला सोडून जात नाही. रक्त पिऊ लागल्यावर एक-दोन दिवसांतच मादी अंडी घालू लागते आणि भरात असताना दिवसाला ४० ते ५० अंडी घालते. उवांच्या लिखा केसांना चिकटून राहतात, तशी ही अंडी चिकटत नाहीत. कुत्रा जिथे लोळेल, खाजवेल, अंग झाडेल तिथे ती गळून पडतात, आणि म्हणूनच कुत्र्याची झोपण्याची जागा ही पिसवांची मुख्य पैदास-जागा ठरते.

अंड्यातून काही दिवसांत बारीक, पांढुरकी, बिनपायांची अळी निघते. मोठ्या पिसवांची विष्ठा, म्हणजे वाळलेले रक्त, हे तिचे प्रमुख अन्न असते आणि तेही कुत्र्याच्या अंगावरून तिच्या जागेवरच गळत राहते. अळीला उजेड सोसत नाही. ती फटीत, चटईच्या विणीत, धुळीच्या थराखाली, लाकडाच्या सांध्यात शिरते. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली गेली तर ती वाळून मरते, आणि थेट कडक उन्हातही ती जगत नाही. २५ ते ३० अंश तापमान आणि ७०-८० टक्के आर्द्रता तिला सर्वांत जास्त मानवते, म्हणजे जून ते ऑक्टोबर या काळातली कोकणातल्या घरांतली हवा तिला जशी हवी तशीच असते.

अळी पुढे रेशमी कोष विणते. हा कोष चिकट असल्यामुळे त्याला धूळ-माती लागते आणि तो डोळ्यांना दिसेनासा होतो. कोषावर बहुतेक कीटकनाशकांचा परिणाम होत नाही, हा या साऱ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. कोषातली तयार पिसू जनावराची चाहूल लागेपर्यंत बाहेर न येता आठवडेच नव्हे, तर कित्येक महिने थांबू शकते. जमिनीला बसणारे पावलांचे हादरे, अंगाची ऊब आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड या खुणा मिळाल्या, की ती काही क्षणांत बाहेर पडते. अनुकूल हवेत अंड्यापासून पिसूपर्यंतचा सारा क्रम तीन-चार आठवड्यांत पूर्ण होतो.

एखाद्या घरातल्या एकूण पिसवांची सर्व अवस्थांसह मोजदाद केली, तर पूर्ण वाढलेल्या पिसवा सुमारे पाच टक्केच भरतात, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. उरलेल्यांत निम्मी अंडी, त्याखालोखाल अळ्या आणि दहा टक्क्यांच्या आसपास कोष असतात. कुत्र्याला घातलेली आंघोळ ही त्या पाच टक्क्यांपुरतीच असते.

पिसवाच आहेत ना, याची खात्री

उवांसाठी वापरतात ती बारीक दातांची फणी घ्यावी आणि शेपटीच्या मुळाशी, कमरेवर, मांड्यांच्या आतल्या बाजूला व मानेवर ती केसांच्या मुळापासून फिरवावी. फणीत आलेले काळे बारीक कण ओल्या पांढऱ्या कापडावर झटकावेत. कणांभोवती लालसर-तपकिरी डाग पसरला, तर ती पिसूची विष्ठा आहे आणि एकही पिसू दिसली नसली तरी कुत्र्याच्या अंगावर पिसवा आहेत, असे समजावे. साधी माती असेल तर डाग लाल होत नाही. फणीत जिवंत पिसू आली, तर ती साबणाच्या पाण्यात बुडवावी. बोटांनी चिरडू नये.

गोचीड आणि पिसू यांची गल्लत नेहमी होते. गोचीड कातडीला तोंड रुतवून एका जागी चिकटून बसते, रक्त पिऊन टम्म फुगते आणि उडी मारत नाही. कोकणात दोन्ही एकाच कुत्र्यावर असणे अगदी नेहमीचे आहे आणि गोचिडीमुळे होणारा ताप कुत्र्याच्या जिवावर बेततो. त्यामुळे औषध निवडताना दोन्हींवर चालणारे निवडावे. समुद्रकाठी राहणाऱ्यांना आणखी एक शंका असते : पुळणीवर ओल्या वाळूत टणाटण उडणारे बारीक जीव कुत्र्याला लागत असतील का? ते कोळंबीच्या दूरच्या नात्यातले कवचधारी जीव आहेत, त्यांचा आणि पिसवांचा काहीही संबंध नाही. त्याचप्रमाणे कुत्र्याला समुद्रात पोहायला नेल्याने पिसवा जातात, ही समजूतही चुकीची आहे. पिसू साध्या पाण्यात सहजासहजी बुडून मरत नाही.

घरात कुठे आणि किती पिसवा आहेत, हे पाहण्यासाठी पांढरे, गुडघ्यापर्यंतचे मोजे घालून प्रत्येक खोलीत, विशेषतः पडवीत, झोपाळ्याखाली आणि जिन्याखाली दहा-पंधरा मिनिटे सावकाश फिरावे. पिसवा मोज्यांवर उडतात आणि पांढऱ्यावर लगेच दिसतात. जिथे जास्त दिसतील त्या जागांची नोंद ठेवावी, कारण पुढची सफाई तिथूनच सुरू करायची आहे.

पहिला दिवस : कुत्रा, आणि मांजरही

घरातल्या सर्व कुत्र्यामांजरांवर एकाच दिवशी उपचार करावा. कोकणात मांजर नाही असे घर विरळाच, आणि कुत्र्याला औषध देऊन मांजर तसेच सोडले तर सारा खटाटोप व्यर्थ जातो.

औषध निवडण्यापूर्वी कुत्र्याचे वजन करावे. अंदाजाने सांगितलेले वजन बहुधा चुकीचे असते. कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहावे आणि त्यातून आपले वजन वजा करावे. मोठा कुत्रा असेल तर रेशन दुकानाचा किंवा काजू-आंब्याच्या वखारीतला काटा चालतो. हे वजन आणि कुत्र्याचे वय घेऊन तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे. औषधे मुख्यतः तीन प्रकारची मिळतात.

पहिला प्रकार तोंडाने द्यायच्या गोळ्यांचा. अफॉक्सोलेनर आणि सारोलेनर यांचा परिणाम सुमारे एक महिना, तर फ्लुरालेनरचा पिसवांवर सुमारे बारा आठवडे टिकतो. दिवसभर पावसात भिजणाऱ्या, वहाळात शिरणाऱ्या आणि भाताच्या कोप्यांतून हिंडणाऱ्या कोकणी कुत्र्यासाठी पावसाळ्यात गोळी हाच सर्वांत भरवशाचा उपाय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ती धुऊन जात नाही. बारा आठवड्यांची गोळी महाग वाटते, पण घरातले कोष उघडण्याचा सारा काळ ती एकटीच सांभाळते. ती जेवणासोबत द्यावी. या गटातल्या औषधांमुळे काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला होता. म्हणून कुत्र्याला पूर्वी फिट आली असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. लहान पिल्ले आणि गाभण वा दूध पाजणारी कुत्री यांच्याबाबतही विचारल्याशिवाय गोळी देऊ नये.

दुसरा प्रकार मानेमागे सोडायच्या थेंबांचा. फिप्रोनिल आणि मेथोप्रीन यांचे एकत्रित थेंब चांगले, कारण फिप्रोनिल मोठ्या पिसवा मारते आणि मेथोप्रीन अंडी व अळ्यांची वाढ रोखते. दोन खांद्यांच्या मध्ये, जिथे कुत्र्याची जीभ पोहोचत नाही, तिथे केस विंचरून कातडी दिसेल असा भांग पाडावा आणि थेंब केसांवर न सोडता कातडीवर सोडावेत. हे औषध त्वचेतल्या तेलातून अंगभर पसरते, त्यामुळे ते लावण्याच्या दोन दिवस आधी आणि नंतर दोन दिवस कुत्र्याला आंघोळ घालू नये, पावसातही सोडू नये. श्रावणात ही अट पाळणे ज्यांना शक्य आहे, त्यांनीच थेंबांचा मार्ग धरावा.

तिसरा प्रकार फिप्रोनिलच्या फवाऱ्याचा. कुत्र्याला उघड्यावर उभे करून, हातात मोजे घालून, केस उलटे फिरवत तो कातडीपर्यंत ओला बसेल असा मारावा लागतो. तोंडावर थेट न मारता मोज्यावर घेऊन पुसावा. अगदी लहान पिल्लांसाठी हाच पर्याय उरतो, मात्र मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी.

गोळी दिली असेल, तर त्याच दिवशी आंघोळ घालायला हरकत नाही. आधी मानेभोवती साबणाच्या फेसाचा पट्टा करावा, नाहीतर अंग भिजताच पिसवा कान आणि डोळ्यांकडे धावतात. मग अंगभर फेस करून तो दहा मिनिटे तसाच ठेवावा, त्यावरच फणी फिरवावी आणि कोमट पाण्याने धुवावे. कुत्र्यांसाठीचा साधा शाम्पू पुरतो. कडक औषधी साबण मुळीच लागत नाही.

मांजराविषयी एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. परमेथ्रिन हे द्रव्य असलेले कुत्र्याचे औषध मांजराला कधीही, थेंबभरसुद्धा लावू नये. मांजराचे शरीर ते पचवू शकत नाही, त्याला झटके येतात आणि अनेकदा ते दगावते. कुत्र्याला असे औषध लावले असेल, तर ते पूर्ण वाळेपर्यंत त्याला बिलगून झोपणारे मांजर दूर ठेवावे. मांजरासाठी मांजराचेच औषध स्वतंत्रपणे घ्यावे.

बागेतली फवारणी कुत्र्यावर नको

आंब्या-काजूच्या मोहरावर मारण्यासाठी आणलेले सायपरमेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन किंवा तत्सम औषध बाटलीत उरलेले असते आणि ‘थोडे पाण्यात टाकून कुत्र्याला धुऊन काढू’ हा सल्ला वाडीत कोणीतरी देतोच. हा सल्ला कृपा करून मानू नये. शेतीच्या औषधांतले विद्रावक आणि त्यांची तीव्रता जनावराच्या कातडीसाठी नसते, शिवाय कुत्रा अंग चाटतो आणि ते सारे पोटात जाते. लाळ गळणे, थरथर, तोल जाणे, झटके ही विषबाधेची लक्षणे आहेत. असे घडल्यास साबणाने अंग धुऊन तत्काळ डॉक्टर गाठावा आणि औषधाची बाटली सोबत न्यावी.

रॉकेल, फिनेल आणि डांबरगोळ्यांची पूड यांचेही तेच. जुन्या लोकांच्या तोंडी असलेल्या गॅमेक्सिन पावडरीतले बीएचसी हे द्रव्य भारतात १९९७ पासून बंद आहे, त्यामुळे माळ्यावर जुना डबा सापडला तरी तो वापरू नये. लसूण खाऊ घालणे कुत्र्याच्या रक्तपेशींना घातक ठरते. करंजेल आणि कडुनिंबाचे तेल यांनी पिसवा काही प्रमाणात दूर राहतात, पण ठाण मांडून बसलेला प्रादुर्भाव त्यांनी हटत नाही.

घर : खरे काम इथे आहे

ज्या दिवशी कुत्र्याला औषध द्याल, त्याच दिवशी घराचे काम सुरू करा. मध्ये आठवडा गेला, तर नव्या अंड्यांची भर पडते.

सुरुवात अंथरुणांपासून करावी. कुत्र्याचे बारदान सरळ जाळून टाकणे सर्वांत सोपे आणि उत्तम. नवे बारदान स्वस्त असते. त्याच्याजवळच्या गोधड्या, वाकळा, सतरंज्या, पायपुसणी हे सारे न्हाणीतल्या हंड्यात किंवा बंबावर कडकडीत तापवलेल्या पाण्यात भिजवून धुवावे. पाणी ६० अंशांच्या वर असले, की अंडी, अळ्या आणि कोषही मरतात. उघडीप असेल तर सगळे चांगल्या उन्हात पालथे-उलथे करून वाळवावे. पावसाच्या झडीत ते शक्य नसते, तेव्हा चुलीवरच्या दोरीवर वाळवून वरून गरम इस्त्री फिरवावी. न धुता येणारी जाड घोंगडी घट्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावी आणि ऊन पडेल त्या दिवशी जांभ्याच्या तापलेल्या कातळावर पसरावी. हे धुणे दर आठवड्याला, तीन महिने, न चुकता करायचे आहे.

त्यानंतर केर. पडवी, ओटी, माजघर, चुलीभोवतीची जागा, झोपाळ्याखाली, पलंगाखाली, कणग्यांच्या मागे, लाकडी खांबांच्या पायथ्याशी आणि उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना साचलेली धूळ पूर्ण काढावी. केरसुणी वरवर फिरवून भागत नाही. फटीतली माती काडीने किंवा जुन्या दातघासणीने उकरून काढावी, कारण अळ्या तिथेच असतात. घरात व्हॅक्युम क्लीनर असेल तर तो अवश्य वापरावा. तो धुळीसोबत अंडी ओढून घेतोच, शिवाय त्याच्या हादऱ्याने कोष उघडतात आणि बाहेर आलेल्या पिसवा औषधाच्या तावडीत सापडतात. केर कोपऱ्यात साठवू नये. तो लगेच जाळावा किंवा पिशवीत घट्ट बांधून घराबाहेर न्यावा. पहिले दोन आठवडे हे रोज करावे, पुढे एक दिवसाआड.

यापुढची कृती जमिनीच्या प्रकारानुसार बदलते. लादी, कोबा किंवा चिऱ्यांची जमीन असेल, तर सांध्यांत उकळते पाणी ओतावे आणि सांधे सुकल्यावर सिमेंटने बुजवून घ्यावेत. शेणाने सारवलेली जमीन असेल, तर भेगा हीच मुख्य अडचण. शेणामुळे पिसवा मरत नाहीत, पण भेगा मातीने भरून, चोपणीने चोपून जाडसर सारवण घातले, की अळ्यांची जागाच नाहीशी होते. आधी पूर्ण झाडून, मगच सारवावे. भेगांत मीठ टाकण्याची एक रीत सांगितली जाते, परंतु कोकणच्या दमट हवेत मीठ पाणी धरते आणि जमीन ओलसर राहते, म्हणजे अळीचीच सोय होते. दुकानांत मिळणारी डायटमची पांढरी भुकटीही कोरड्या हवेतच काम करते, त्यामुळे पावसाळ्यात तिच्यावर पैसे घालवू नयेत.

पिसवा फार झाल्या असतील, तर फवारणी लागते. ती परवानाधारक कीड-नियंत्रण करणाऱ्या माणसाकडून करून घ्यावी आणि मोठ्या पिसवा मारणाऱ्या औषधासोबत पायरिप्रॉक्सिफेन किंवा मेथोप्रीन यांसारखे अळ्यांची वाढ थांबवणारे द्रव्य वापरणार का, हे त्याला आधीच विचारावे. त्याविना केलेली फवारणी अर्धवट राहते. फवारा खोलीच्या मधोमध मारण्यात अर्थ नाही. भिंतीच्या कडा, फटी, फर्निचरखालची जमीन आणि कुत्र्याच्या जागा यांवर तो बसला पाहिजे. शेणामातीची जमीन औषध शोषून घेते, त्यामुळे तिथे परिणाम लवकर ओसरतो, हेही लक्षात असावे. फवारणीपूर्वी अन्न, भांडी, पाण्याचे हंडे-कळशा झाकाव्यात किंवा बाहेर काढाव्यात. जमीन पूर्ण वाळेपर्यंत मुले, कुत्रा, मांजर यांना आत येऊ देऊ नये. नंतर काही दिवस त्या कडा ओल्या फडक्याने पुसू नयेत, कोरडा केर मात्र काढत राहावा.

या गटातली बहुतेक औषधे मासे, कोळंबी, कुर्ल्या आणि मधमाश्या यांना अत्यंत घातक असतात. पंप किंवा बादली विहिरीच्या काठावर, वहाळात किंवा पऱ्ह्यात धुऊ नये. मागीलदारच्या मोरीचे पाणी आगरातून खाडीला जात असेल, तर याची दुप्पट काळजी घ्यावी.

धुरी घालणे, डासांचा फवारा मारणे, कडुनिंबाचा पाला जाळणे यांनी हवेतले किडे हटतात. फटीतली अळी मात्र जागची हलतही नाही.

घराबाहेरची सावली

खुल्या अंगणाची काळजी करण्याचे कारण नाही. मुसळधार पाऊस आणि मधूनच येणारे ऊन यांत अळी टिकत नाही. धोका असतो तो पावसापासून आडोसा असलेल्या, कोरड्या सावलीच्या मातीत : मांगरात, पडवीच्या ओट्याखाली, लाकडाच्या माचाखाली, सोडणांच्या आणि झावळ्यांच्या ढिगाशेजारी, गोठ्याच्या पेंढ्यात. कुत्रा दुपारी नेमका तिथेच जाऊन पडतो. या जागा रिकाम्या करून वरची दोन बोटे माती खरवडून काढावी, उघडीप मिळेल तेव्हा ऊन लागू द्यावे आणि फळ्या किंवा जाळी लावून कुत्र्याला तिथे जाण्यापासून अडवावे. त्याच्यासाठी जमिनीपासून थोडी उंच, धुता येईल अशी फळीची बाज करून द्यावी. गोठ्यात करडे आणि वासरे असतील, तर त्यांच्याही अंगावर पाहावे, कारण हीच पिसू शेळ्या-वासरांवर राहू शकते. त्यांचे औषध वेगळे असते आणि दुभत्या जनावरांबाबत डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही लावू नये.

चाकरमान्यांचे बंद घर

मे महिन्यात बंद केलेले घर गणपतीला उघडावे आणि पाऊल टाकताच पायांवर पिसवांचा मारा व्हावा, हा अनुभव कोकणात असंख्य कुटुंबांना येतो. घरात कुत्रा नसताना पिसवा आल्या कुठून, असा प्रश्न पडतो. उत्तर कोषात आहे. पडवीत आसऱ्याला येणारे कुत्रे-मांजर, माळ्यावरचे उदमांजर किंवा उंदीर यांच्यापासून पडलेली अंडी दमट, बंद घरात शांतपणे वाढतात आणि तयार पिसवा कोषांत थांबून राहतात. माणसांची पावले पडताच त्या सर्व एकदम बाहेर येतात.

म्हणून घर उघडण्याचे काम मुक्कामाला येण्यापूर्वी आठ-दहा दिवस, शेजाऱ्यांच्या मदतीने का होईना, करून घ्यावे. पूर्ण पायजमा, त्यावर ओढलेले लांब मोजे आणि बंद बूट घालून आत जावे. दारे-खिडक्या उघडून जमिनीवर पाय आपटत फिरावे, सामान सरकवावे, केर काढावा. जितके हादरे बसतील तितके कोष उघडतील. त्यानंतर लगेच फवारणी करावी आणि घर त्या दिवसापुरते मोकळे ठेवावे. दोन-तीन दिवसांनी हेच पुन्हा करावे. अंथरुणे माळ्यावरून काढल्याबरोबर जमिनीवर पसरू नयेत. आधी ती उन्हात टाकावीत.

मेलेला उंदीर आढळला, तर तो हाताने उचलू नये, चिमट्याने उचलून पुरावा. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरे अंग शोधतात. मुंबईत १८९६ साली आलेली प्लेगची साथ पसरण्यामागे अशाच, उंदरांवरच्या पिसवा होत्या. आज तशी भीती बाळगण्याचे कारण नाही, पण सावधगिरीचा नियम तोच राहतो.

पुढचे तीन महिने

उपचारानंतर दोन-तीन आठवड्यांनी पिसवा पुन्हा दिसतात आणि औषध बोगस निघाले, असे वाटून माणसे नेमकी या टप्प्यावर थांबतात. या पिसवा जुन्या कोषांतून निघालेल्या असतात. त्या औषध दिलेल्या कुत्र्यावर चढल्या, की काही तासांत मरतात आणि अंडी घालण्याची वेळ त्यांच्यावर येत नाही. म्हणून कुत्र्याला घराबाहेर काढू नये. औषधाच्या संरक्षणात असलेला कुत्रा घरात वावरत राहणे, हाच उरलेले कोष संपवण्याचा उत्तम मार्ग आहे. महिन्याची गोळी असेल, तर पुढची तारीख कालनिर्णयावर लिहून ठेवावी आणि एक दिवसही उशीर करू नये. दर आठवड्याला फणी आणि दर पंधरवड्याला पांढऱ्या मोज्यांची फेरी चालू ठेवावी. संख्या कमी होत जाणे, हीच योग्य दिशा होय.

तीन महिन्यांनंतर फणी आणि मोजे सलग महिनाभर स्वच्छ राहिले, तर घर मोकळे झाले, असे समजावे. औषध मात्र बंद करू नये. कोकणात पिसूला मारणारी थंडी पडत नाही, त्यामुळे कुत्र्याचे संरक्षण बारमाही ठेवावे लागते. वाडीतले चार-पाच कुत्रे एकमेकांत मिसळत असतील, तर त्या घरांनी मिळून एकाच आठवड्यात औषध द्यावे. खर्च प्रत्येकाचा वेगळा राहतो, पण परिणाम कित्येक पटींनी वाढतो.

डॉक्टरांकडे कधी न्यावे

शेपटीच्या मुळाशी आणि मांड्यांवर केस जाऊन कातडी लाल, ओली किंवा जाड झाली असेल, तर ती पिसूच्या लाळेची ॲलर्जी असू शकते. अशा कुत्र्याला एक-दोन पिसवांचा चावाही पुरतो आणि त्याला खाज थांबवणाऱ्या वेगळ्या उपचाराची गरज असते. गुदद्वाराजवळ किंवा विष्ठेत तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे, हलणारे तुकडे दिसले, तर तो पिसूतून होणारा पट्टकृमी आहे. खाजवताना कुत्रा पिसू गिळतो आणि कृमी पोटात वाढतो. जंताच्या सगळ्याच गोळ्या त्यावर चालत नाहीत, प्राझिक्वांटेल असलेली लागते. क्वचित जमिनीवर रांगणाऱ्या बाळाच्या पोटातही अशी पिसू जाऊन हा कृमी होतो, तेव्हा बाळाच्या विष्ठेत असे तुकडे दिसल्यास बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

सर्वांत तातडीची बाब पिल्लांची आहे. मांगरात किंवा ओट्याखाली व्यालेल्या कुत्रीची पिल्ले पिसवांनी अक्षरशः रक्तहीन होऊन मरतात. पिल्लू निपचित पडून असेल, दूध ओढत नसेल आणि त्याच्या हिरड्या गुलाबी न दिसता पांढुरक्या दिसत असतील, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. उबदार कापडात गुंडाळून, वाटेत जमेल तितकी फणी फिरवत, त्याला त्याच दिवशी दवाखान्यात पोहोचवावे, आणि कुत्रीलाही सोबत न्यावे.